एका गाण्याचा धनी

१९९४ साली डिस्ने कंपनीने काढलेला 'द लायन किंग' हा सिंहाच्या छाव्याचा चित्रपट ज्या घरातील मुलांनी पाहिला नाही असे घर शहरात आज विरळाच आढळेल. त्या चित्रपटात मुंगसाच्या कुळातील एक चिमुकला प्राणी आणि त्याचा मित्र असलेला एक रानडुक्कर असे दोघे रानातून रमतगमत चालले असता एक गाणे गुणगुणतात. एक गडी वरचा सूर धरतो आणि दुसरा खालून त्याला ठेक्याची साथ देतो. प्रसंग अगदी क्षणभराचा. परंतु ती चाल अशी की, एकदा कानी पडली म्हणजे दिवसभर मनातून हटत नाही.

ही चाल कोणाची, असे मुले विचारीत नाहीत, आणि वडील माणसांनाही तो प्रश्न सुचत नाही. असल्या चाली वाऱ्यावर येतात, कोणा दूरच्या जमातीच्या परंपरेतून त्या आपोआप उगवतात, अशी आपली समजूत असते. आज मला आपणास सांगावयाचे आहे ते हेच की, ही चाल वाऱ्यावर आलेली नाही. तिला कर्ता होता आणि त्या कर्त्याला नाव होते. ती ज्या साली आणि ज्या ठिकाणी प्रथम उमटली ते साल व ते ठिकाणही आपणास ठाऊक आहे. तिचा कर्ता म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील झुलू गायक सॉलोमन लिंडा. जगाला त्याचे हे एकच गाणे माहीत आहे. आणि त्या एका गाण्यावरील हक्काचे मोल म्हणून त्याला मिळाले अवघे दहा शिलिंग.

नाताळ प्रांताचे नाव आपल्याला गांधीजींच्या चरित्रामुळे परिचयाचे झाले आहे. १८९३ साली गांधीजी ज्या दरबान बंदरात उतरले ते याच प्रांतातले. त्याच्या अंतर्भागात म्सिंगा नावाचा एक डोंगराळ आणि रूक्ष मुलूख आहे. तेथे १९०९ साली लिंडाचा जन्म झाला. गुरे राखणे हे त्या भागातील मुलांचे नित्याचे काम. लिंडा मिशनऱ्यांच्या शाळेतही गेला आणि तेथे ख्रिस्ती प्रार्थनागीते त्याच्या कानावर पडली; घरी आणि गावात लग्नसमारंभांतील झुलू गाणी होतीच. पुढे त्याच्या हातून जे घडले ते या दोन विद्यांच्या संयोगातून घडले, म्हणून त्यांतील फरक थोडक्यात सांगितला पाहिजे.

आपल्या गायनात एका वेळी एकच स्वरपंक्ती चालते. भजनाला चाळीस माणसे बसली तरी त्या सर्वांच्या मुखी एकच चाल असते. पाश्चात्त्य समूहगायनात तसे नसते. तेथे गायकांचे उंच, मधले आणि खर्जातले असे विभाग करतात. प्रत्येक विभाग वेगळी स्वरपंक्ती गातो आणि त्या साऱ्या एकमेकींशी जुळून चालतात. मिशनच्या शाळांतून ही पद्धत झुलू लोकांच्या अंगवळणी पडली. एकाने सूर टाकावा आणि बाकीच्यांनी तो झेलून उत्तर द्यावे, ही त्यांची मूळची रीत होती. या दोहोंच्या मिलाफातून वाद्यांच्या साथीवाचून केवळ पुरुषांनी गावयाचे एक नवे समूहगायन त्या देशात वाढीस लागले.

ते वाढले मात्र खेड्यात नव्हे, तर जोहान्सबर्ग शहरात. १८८६ साली तेथे सोन्याच्या खाणी सापडल्या आणि उघड्या माळावर बघता बघता महानगर उभे राहिले. पुढे १९१३ च्या कायद्याने देशातील सात टक्क्यांच्या आसपास जमीन काय ती कृष्णवर्णीयांसाठी राखून ठेवली. ज्यांच्या पायाखालची जमीन अशी आक्रसली, त्या खेड्यांतील तरुणांना मजुरीसाठी शहराची वाट धरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कोकणातून मुंबईच्या गिरणगावात आलेल्या चाकरमान्यांनी चाळीचाळींतून भजनी मंडळे कशी उभी केली हे आपण जाणतोच. जोहान्सबर्गच्या मजूरवस्त्यांतही तेच घडले. एका गावची पोरे एकत्र येत, मेळा काढीत आणि शनिवारी रात्रभर मेळ्यामेळ्यांत चढाओढी चालत. चढाओढ करणाऱ्यांपैकी कोणाचाही परीक्षकावर पक्षपाताचा आरोप येऊ नये म्हणून या गायनाशी काही संबंध नसलेल्या एखाद्या गोऱ्या माणसाला कधी कधी वाटेवरून बोलावून आणीत आणि निकाल त्याच्यावर सोपवीत!

लिंडा १९३० नंतर लवकरच या शहरात आला. त्याच्या सहा जणांच्या मेळ्याचे नाव 'इव्हिनिंग बर्ड्‌स', म्हणजे सांजपाखरे. अंगात रेघारेघांचे सूट, डोक्यावर हॅट आणि पायांत दोन रंगांचे बूट, अशा थाटात ही मंडळी उभी राहत. ज्या मजुराला दिवसभर हुकूम ऐकावे लागतात त्याने रात्री असा पोशाख करण्यात केवळ नखरा नव्हता, आपणही कोणी आहोत हे सांगण्याची धडपड होती. परंतु या मेळ्याचा खरा विशेष निराळा होता. इतर मेळ्यांत खर्जाचा आवाज एकाचा असे. लिंडाने एकाच्या जागी अनेक आवाज खर्जात घातले, आणि त्यामुळे गाण्याला भरभक्कम पाया मिळाला. स्वतः तो चोरट्या आवाजात, पुरुषाच्या नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी वर, मोकळा विहार करी. खाली खर्जाची भिंत आणि वर एकटाच तरंगणारा आवाज, ही रचना त्याची. चित्रपटातील त्या दोन प्राण्यांच्या गाण्यात जी वाटणी दिसते तिचे मूळ येथे आहे.

पोटापाण्यासाठी लिंडा एरिक गॅलो यांच्या ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात तबकड्या बांधण्याचे काम करू लागला. कंपनीसाठी गायक हुडकणारे ग्रिफिथ मोट्सिएलोआ यांचे लक्ष त्याच्याकडे गेले आणि १९३९ साली हा मेळा कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात उभा राहिला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस त्या काळी असे मुद्रणगृह एवढेच काय ते होते. तेथे जे गाणे मुद्रित झाले त्याचे नाव 'एम्बुबे', म्हणजे सिंह. लहानपणी वासरांवर टपलेल्या सिंहांना पिटाळून लावल्याची आठवण त्यामागे होती असे सांगतात. शब्द अगदी मोजके आणि स्वररचनाही साधीच.

त्या काळचे ध्वनिमुद्रण कसे असे हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील गोष्टीचे मर्म कळावयाचे नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. त्या तीन मिनिटांत जे गळ्यातून निघेल ते कायमचे कोरले जाई. मागाहून तुकडे जोडण्याची किंवा चूक दुरुस्त करण्याची सोय नव्हती. बरे न वाटले तर पुन्हा पहिल्यापासून गावयाचे. 'एम्बुबे' असेच पुनःपुन्हा गाइले गेले. तिसऱ्या वेळी गाणे संपत आले असता लिंडाला एकाएकी स्फूर्ती झाली आणि पूर्वी न ठरलेली एक स्वरपंक्ती त्याने वरच्या आवाजात सोडली. पंधरा स्वरांची ती छोटीशी लकेर. पुढे साऱ्या जगाने जिच्यावर इंग्रजी शब्द चढवून म्हटली ती चाल हीच. गाण्याच्या अखेरच्या काही क्षणांत ती जन्मली, आणि यंत्र चालू होते म्हणून राहिली.

याला योगायोग म्हणावयाचा मोह होतो. पण तो तितकासा खरा नाही. अनेक वर्षे रात्री जागवून ज्याने खालचा पाया पक्का केला होता, त्यालाच वर असे निर्भयपणे उडता आले. पुढील दहा वर्षांत या तबकडीच्या सुमारे एक लाख प्रती आफ्रिकेत खपल्या. तिची छाप इतकी पडली की, त्या प्रकारच्या समूहगायनालाच 'एम्बुबे' हे नाव रूढ झाले. १९८६ साली पॉल सायमनच्या 'ग्रेसलँड' या ध्वनिमुद्रिकेतून जगापुढे आलेला 'लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो' हा मेळा याच परंपरेतला. तेव्हा जगाने लिंडाला एका गाण्याचा गायक म्हटले तरी त्याच्या देशात तो एका पंथाचा आद्य पुरुष ठरला, हे विसरून चालणार नाही.

आता ही तबकडी समुद्र ओलांडून कशी गेली ते पाहू. १९५० च्या सुमारास लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी आफ्रिकेतील काही तबकड्या अमेरिकेतील गायक पीट सीगर यांच्या स्वाधीन केल्या. त्यांत 'एम्बुबे' होती. सीगर यांना ती फार आवडली. त्यांनी कानाने ऐकून तिची स्वरलिपी उतरवली; परंतु झुलू भाषा न कळल्यामुळे त्यातील पालुपदाचा उच्चार त्यांना 'विमोवे' असा भासला, आणि त्याच नावाने त्यांच्या 'वीव्हर्स' या मेळ्याने १९५१ साली ते गाणे मुद्रित केले. अमेरिकेत ते लोकप्रिय झाले. त्या गाण्याच्या हक्काच्या नोंदीत मात्र 'पॉल कॅम्बेल' असे नाव पडले. गंमत अशी की, या नावाचा मनुष्यच अस्तित्वात नव्हता. परंपरागत गाण्यांवर आपला हक्क नोंदविण्यासाठी वीव्हर्स आणि त्यांचे प्रकाशक यांनी घेतलेले ते टोपणनाव होते.

या सर्व प्रकरणाचे मर्म 'परंपरागत' या एका शब्दात आहे. गाणे परंपरागत ठरले म्हणजे त्याला मालक उरत नाही, आणि जो कोणी त्याची नवी मांडणी करील त्याला त्या मांडणीवर हक्क सांगता येतो. आफ्रिकेतून आलेली, परक्या भाषेतील, वाद्यांवाचूनची चीज कानी पडताच ती परंपरेचीच असणार असे ऐकणाराने गृहीत धरले. वस्तुतः ज्या वर्षी ती मुद्रित झाली त्या वर्षी तिचा कर्ता तिशीतला तरुण होता आणि पुढेही तो जोहान्सबर्गमध्ये हयात होता. पत्र टाकले असते तर त्याला पोहोचले असते.

सीगर यांना पुढे ही गोष्ट कळली. लिंडाला पैसे मिळावेत अशी त्यांची इच्छा होती आणि त्यांनी त्याला एक हजार डॉलर पाठविल्याचे सांगितले आहे. पण प्रकाशनाचा व्यवहार त्यांच्या इच्छेवर चालत नव्हता. इकडे १९५२ साली गॅलो कंपनीने लिंडाकडून गाण्याचे सर्व हक्क आपल्या नावे लिहून घेतले. मोबदला दहा शिलिंग. रुपयास अठरा पेन्स हा त्या वेळचा दर धरला तर आपल्या नाण्यात सहा रुपये दहा आणे आठ पै. हक्क म्हणजे काय आणि तो पुढे केवढा फोफावू शकतो याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते. कागदावर सही झाली ती भर दिवसा आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे. या कथेत दरोडा घालणारा असा कोणी एक खलपुरुष सापडत नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी चालत आलेला धंदा केला आणि सर्वांच्या धंद्याचा भार एका माणसावर पडला.

गाण्याची दौड मात्र थांबली नाही. १९६० साली मिरियम मकेबा या थोर आफ्रिकी गायिकेने ते मूळ झुलू भाषेत मुद्रित केले. १९६१ साली न्यूयॉर्कच्या 'टोकन्स' या तरुणांच्या मेळ्यासाठी जॉर्ज वाईस यांनी त्यावर इंग्रजी शब्द रचले, आणि लिंडाने अखेरीस सोडलेली ती लकेर या नव्या गाण्याची मुख्य चाल झाली. 'द लायन स्लीप्स टुनाइट' या नावाचे हे गाणे तबकडीच्या दुय्यम बाजूस घातले होते. तरी लोकांनी तेच उचलून धरले आणि डिसेंबर १९६१ पासून सलग तीन आठवडे ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिले. नव्या शब्दांत सिंह घनदाट अरण्यात झोपला आहे. सिंह हा गवताळ माळरानाचा प्राणी, हे म्सिंगातील कोणत्याही गुराख्याने सांगितले असते. परंतु त्याला विचारतो कोण? तबकडीवर कर्ते म्हणून चार नावे छापली होती, त्यांत लिंडाचे नव्हते.

त्या वेळी लिंडा पुढे सोवेटो या नावाने प्रसिद्ध झालेल्या वस्तीत एका लहानशा घरात राहत होता. त्याचा मेळा १९४८ सालीच मोडला होता. त्यानंतर लग्न झाले, मुले झाली, गाणेही जमेल तसे चालू होते. १९५९ साली रंगमंचावर गात असताना तो कोसळला. मूत्रपिंडाच्या विकाराने शरीर आतून पोखरले गेले होते. १९६२ साली, ज्या गाण्याने अमेरिका गाजत होती त्याचा कर्ता वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कालवश झाला. मागे शिल्लक होती ती पंचवीस डॉलरही न भरणारी. पत्नीपाशी थडग्यावर दगड बसविण्याइतके पैसे नव्हते. त्या मातीवर त्याच्या नावाचा दगड उभा राहण्यास अठरा वर्षे लागली.

येथे कथा संपली असती तर ती जगातील असंख्य करुण कथांपैकी एक ठरली असती. परंतु एका विस्मृत कलमामुळे ती पुढे चालू राहिली. १९११ साली ब्रिटिश पार्लमेंटने साम्राज्याकरिता स्वामित्वहक्काचा कायदा केला. त्यात असे एक कलम होते की, कर्त्याने हयातीत आपला हक्क कोणालाही विकलेला असो, त्या विक्रीचा अंमल त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षेच चालेल. पुढे उरलेल्या मुदतीचा हक्क आपोआप त्याच्या वारसांकडे परत येईल. इतकेच नव्हे, तर हा परत येणारा हक्क कर्त्याने आगाऊ विकून टाकला तर ती विक्री निरर्थक समजावी. कायदेपंडितांत हे कलम कादंबरीकार डिकन्स यांच्या नावाने ओळखले जाते. त्यामागील विचार सरळ आहे. कलावंत तरुण आणि गरजू असताना आपली कृती मातीमोलाने विकतो. तिची खरी किंमत कळते तेव्हा तो उरलेला नसतो. निदान त्याच्या लेकराबाळांना तरी ती मिळावी.

हा कायदा दक्षिण आफ्रिकेतही लागू होता. लिंडा १९६२ साली वारला. त्यात पंचवीस मिळविले म्हणजे १९८७. त्या सालापासून पूर्वीच्या ब्रिटिश साम्राज्यातील देशांपुरते हे गाणे त्याच्या कन्यांचे झाले होते. पण हे त्यांना कोणी सांगितले नाही. अमेरिकेतील प्रकाशकांच्या कागदांवर त्यांच्या सह्या मात्र मधल्या काळात झालेल्या होत्या.

२००० साली रियान मलान या दक्षिण आफ्रिकी लेखकाने अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकात ही सारी हकीकत उजेडात आणली. एकट्या 'लायन किंग'मुळे या गाण्याने दीड कोटी डॉलर मिळविले असावेत असा त्याचा अंदाज होता. त्यानंतर ओवेन डीन या कायदेपंडितांनी ते जुने कलम पुढे केले आणि २००४ साली लिंडाच्या वारसांच्या वतीने दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयात डिस्ने कंपनीवर दावा लावण्यात आला. परदेशी कंपनीला तेथील न्यायालयाच्या कक्षेत आणावे कसे, हा पेच होता. तो त्यांनी असा सोडविला की, त्या देशात नोंदलेल्या कंपनीच्या व्यापारचिन्हांवरच न्यायालयाकडून जप्ती आणविली. त्यांत मुलांचा लाडका मिकी माउसही अडकला! अखेर फेब्रुवारी २००६ मध्ये, सुनावणीपूर्वीच तडजोड झाली. गाण्याचे हक्क बाळगणाऱ्या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने मागील व पुढील उत्पन्नाचा वाटा वारसांना देण्याचे मान्य केले, त्यासाठी एक विश्वस्तनिधी स्थापन झाला आणि लिंडा हा या गाण्याचा सहकर्ता असल्याचे कबूल करण्यात आले. त्याच्या मृत्यूनंतर त्रेचाळीस वर्षे उलटली होती.

या तडजोडीने सर्व काही गोमटे झाले असे मात्र समजू नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका माहितीपटात लिंडाच्या कन्यांनी आपल्या हाती प्रत्यक्ष काय पडले याविषयी असमाधान बोलून दाखविले आहे. ज्या घराला एकदा कागदाने फसविले त्याचा पुढे कोणत्याच कागदावर सहजासहजी विश्वास बसत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

हा सारा प्रकार सातासमुद्रापलीकडचा असला तरी त्याचा आपल्याशी अगदीच संबंध नाही असे नाही. १९११ चा तोच साम्राज्याचा कायदा १९१४ च्या कायद्याने थोड्या फेरफारांसह हिंदुस्थानात लागू झाला आणि स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा १९५८ च्या जानेवारीत अमलात येईपर्यंत तो चालू होता. २०१२ साली आपल्या संसदेने त्यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. चित्रपटासाठी गीत लिहिणाऱ्याने किंवा त्याला चाल लावणाऱ्याने बाकीचे हक्क विकले, तरी चित्रपटगृहाबाहेर त्या गीताचा जो उपयोग होईल त्याच्या उत्पन्नातील आपला वाटा त्याला सोडून देता येणार नाही, आणि कोणी तसे लिहून घेतले तरी ते व्यर्थ समजावे, असे त्या दुरुस्तीचे तात्पर्य. गरजेच्या वेळी केलेली सही ही कलावंताची शेवटची इच्छा मानू नये, हेच तत्त्व शंभर वर्षांनी पुन्हा आपल्या कायद्यात आले.

कायदा द्रव्याचा हिशेब करू शकतो. नावाचा हिशेब मात्र ऐकणारानेच ठेवावयाचा असतो. तेव्हा आपल्या घरी मुलांनी पुन्हा तो चित्रपट लावला आणि ते दोन प्राणी ती लकेर घेऊ लागले, म्हणजे मुलांना एवढेच सांगावे की, हे गाणे सॉलोमन लिंडा नावाच्या एका माणसाचे आहे. तो लहानपणी गुरे राखीत असे आणि मोठेपणी तबकड्या बांधीत असे.